सोळा एमबीचा पाट

गणपतीच्या कारखान्यात एक कोपरा असतो. तुटलेली बोटं, अर्ध्या सोंडा, एखादा कान, उंदराचं शेपूट असलं काय काय तिथे जमत जातं. मुद्दाम कुणी जमवत नाही. 'टाकू नंतर' म्हणून जो तो एकेक तुकडा तिकडे भिरकावतो आणि एक दिवस बघावं तर गुडघाभर ढीग! किस्स्यांचंही तसंच. आमच्या पेणच्या कारखान्यात लॅपटॉप आला त्या वर्षी हा दुसरा कोपरा असा भरला, की चालायला जागा उरली नाही.

मी रोह्याचा. इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षाला सोडून घरी आलेला. का सोडलं असं विचारणाऱ्या प्रत्येक काकाला मी एकच उत्तर द्यायचो, "तुमच्यासारखी माणसं शिकवायला होती म्हणून." एकही काका दुसऱ्यांदा विचारत नसे. माझे बाबा धाटावला केमिकल कंपनीत शिफ्टला. त्यांच्या डिपार्टमेंटचा गणपती दरवर्षी पेणहून अण्णांच्या कारखान्यातून यायचा, त्या ओळखीवर त्यांनी मला अण्णांकडे ढकलला. "ह्याला कॉम्प्युटरमधलं थोडं समजतं. बाकी कशातलं नाही," ही माझी शिफारस!

कारखाना छोटा. अण्णा मालक. काकू म्हणजे त्यांची बायको, मागच्या खोलीत पोह्याचे पापड आणि मिरगुंडं करून विकायची. अण्णांचे बालमित्र गुरुजी, शाळेतून रिटायर झालेले विज्ञानाचे मास्तर, रोज सकाळी पेपर वाचायला यायचे आणि जेवायच्या वेळेपर्यंत सगळ्यांना अक्कल शिकवून जायचे. आणि सुमनताई. खाडीकडच्या गावातली, घरची मिठागरं, तोंडाने तिखट. ती डोळे आखायची. मूर्ती कुणी का करेना, रंग कुणी का देईना, डोळे सुमनताईचे. अण्णांच्या गणपतीला गिऱ्हाईक यायचं ते त्या डोळ्यांसाठी. अण्णांना हे माहीत होतं. सुमनताईला तर चांगलंच माहीत होतं.

त्या वर्षी विसर्जन झालं आणि सुमनताईने सरळ सांगून टाकलं, "अण्णा, दरसाल थंडीत तुमी कारखाना बंद ठेवता नि आमी घरी माश्या मारतो. औंदा काम नसंल तर मी धाटावला प्याकिंगला चालले. एकदा गेले का परत नाय यायची."

त्याच आठवड्यात बातमी आली, की कॅनडातल्या कुठल्याशा मराठी मंडळाचे एक गृहस्थ दिवाळीनंतर पेणला येणार आहेत, कारखाने बघून मूर्तींची ऑर्डर देणार आहेत. परदेशचे गणपती जहाजाने जातात, म्हणजे ते थंडीतच करावे लागतात. गणित सोपं होतं. ऑर्डर मिळाली तर सुमनताई राहणार. नाही मिळाली तर गेली.

मोठ्या कारखान्यांकडे छापील रंगीत अल्बम होते. अण्णांना कुणीतरी सांगितलं, की कॅनडात अल्बम कोणी बघत नाही, सगळं कॉम्प्युटरवर. झालं! धाटावच्या एका साहेबाने विकायला काढलेला जुना लॅपटॉप अण्णांनी घेतला. काळा, उशीएवढा, आणि चालू होताना म्हशीसारखा हुंकार देणारा.

*

दसऱ्याला त्याची पूजा झाली. काकूने की-बोर्डवर झेंडू वाहिला. त्यातली एक पाकळी स्पेसबारखाली गेली ती तिथेच राहिली.

पूजा झाल्यावर अण्णांचा पहिला प्रश्न, "ह्याच्यात गणपती किती मावतील?"

गुरुजी सरसावले. "त्याला मेमरी म्हणतात. मेमरी दोन असतात. एक मोठी, एक छोटी. आपला मोठा मेंदू, छोटा मेंदू असतो ना, तसं. छोटा मेंदू शरीराचा तोल सांभाळतो."

अण्णांनी मुकाट्याने लॅपटॉप टेबलाच्या कडेवरून मध्ये सरकवला!

मी म्हटलं, "गुरुजी, पोरांना असंच शिकवलंत का हो इतकी वर्षं?" आणि मग मी समजावलं. "अण्णा, तो वरचा माळा बघा. सगळे साचे, सगळ्या मूर्ती तिथे असतात. ती हार्ड डिस्क. आता तुमच्या पुढ्यातला पाट बघा. काम करायचं तर मूर्ती माळ्यावरून काढून पाटावर घ्यावी लागते. तो पाट म्हणजे रॅम. माळा एक जीबीचा, पाट सोळा एमबीचा. पाटावर मावेल तेवढंच काम एका वेळी. आणि लाइट गेली, की पाटावरचं सगळं पुसलं. माळ्यावरचं तेवढं राहतं."

गुरुजींना हे पटलं नाही. अण्णांना मात्र लख्ख कळलं. त्यांनी माळ्याकडे बघितलं, मग पाटाकडे, मग लॅपटॉपकडे.

"एवढा अवाढव्य माळा आणि बसायला एवढासा पाट? कोणी बांधला रे हा कारखाना? त्याने जन्मात कधी काम केलेलं दिसत नाही!"

खरं सांगतो, कॉलेजात मेमरीवर दोन लेक्चरं झाली होती. त्यात हा मुद्दा कुणी काढला नव्हता.

*

फोटो स्टुडिओवाल्याकडून मूर्तींचे फोटो स्कॅन करून घ्यायचे ठरले. त्याचा स्कॅनर एका दिवसापुरता आमच्याकडे आणला. फोटो आत जायला लागले तशी काकू पापड लाटायचे सोडून बघायला आली.

"एवढे गणपती आत घातले तर हे जड नाय होणार?"

मी हसलो. गुरुजी हसले नाहीत. म्हणाले, "प्रश्न अगदी शास्त्रीय आहे. रिकाम्या पिंपाचं वजन आणि भरलेल्या पिंपाचं वजन एक असतं का?"

"गुरुजी, फोटो म्हणजे पाणी आहे का?"

"प्रयोग करून बघू. विज्ञान वादाने सिद्ध होत नाही."

मिरगुंडं जोखायचा काटा आला. एका पारड्यात लॅपटॉप, दुसऱ्यात वजनं. पुरली नाहीत म्हणून वर वाटाणे. काटा बरोबर मधोमध आणला. मग लॅपटॉप खाली घेऊन उरलेले फोटो आत घातले आणि परत पारड्यात ठेवला.

लॅपटॉपचं पारडं खाली गेलं!

गुरुजींचा चेहरा तेव्हा बघायला हवा होता. शाळेतल्या सगळ्या वर्षांचं सार्थक झाल्यासारखा. मी वेड्यासारखा लॅपटॉप उलटा केला. खाली ओल्या शाडूचा हा एवढा लपका चिकटलेला. मधल्या वेळात कुणीतरी तो सुमनताईच्या मळलेल्या मातीवर ठेवला होता.

मी माती दाखवली. पुन्हा जोखून दाखवलं. वजन पहिल्याइतकंच! गुरुजींनी पेपर उघडला आणि त्याआडून म्हणाले, "माती काढलीस तसे दोनचार फोटोही पडले असतील."

*

मग लॅपटॉप हळू झाला. हळू म्हणजे किती? फोटो उघडायला सांगावा, वडखळच्या नाक्यावर जाऊन चहा पिऊन यावं, तेव्हा मुकुटाचं टोक दिसायला लागलेलं असे. आतली डिस्क सारखी करकर करायची आणि लाल दिवा लुकलुकत राहायचा.

मी बघतो तर स्क्रीनच्या खालच्या पट्टीत चौकोनांची ही गर्दी. एकही फोटो बंद केलेला नाही. सगळे नुसते खाली सरकवून ठेवलेले.

"अण्णा, ह्या फुल्या कशाला दिल्यात कोपऱ्यात? फोटो बघून झाला की फुली दाबा, बंद करा!"

"बंद कशाला? मी झाकून ठेवलेत."

"झाकून?"

अण्णांनी मला हाताला धरून कारखान्याच्या मागच्या भागात नेलं. तिथे माघी गणपतीच्या पाच-सहा अर्धवट मूर्ती ओल्या फडक्याखाली उभ्या होत्या. "काम अर्धं असलं की मूर्ती उघडी ठेवायची नाही, सुकते. उचलून वर पण ठेवायची नाही, तडकते. जागच्या जागी झाकायची. माझ्या बापाने शिकवलं. त्याच्या बापाने त्याला."

"अहो पण तुमच्या बापाच्या बापाकडे सोळा एमबी नव्हते! हे सगळे झाकलेले गणपती पाटावरच बसलेत. पाटावर मावत नाहीत म्हणून तो बिचारा एकाला माळ्यावर ठेवतो, दुसऱ्याला खाली आणतो, पुन्हा त्याला वर, ह्याला खाली. ती करकर ऐकताय ना? ती शिडीवरची चढउतार आहे!"

अण्णा अस्वस्थ झाले. म्हणाले, "मग एवढी चढउतार करताना पाडेल की एखादा!"

मी एकेक करून सगळे बंद केले. लॅपटॉप एकदम टुणटुणीत झाला. अण्णांनी कौतुकाने त्याच्या पाठीवर हात फिरवला. दुसऱ्या दिवशी येऊन बघतो तर पट्टीत पुन्हा गर्दी.

"अण्णा!"

"अरे, बंद करताना ते विचारतं 'नक्की का?' म्हणून. देवाच्या बाबतीत असं कुणी विचारलं की मी 'नाही'च दाबतो."

*

ह्याहून वाईट ते डब्याचं.

काही फोटो वाईट आले होते. एकात सोंड कापलेली, एकात मागे काकूचा गाऊन वाळत घातलेला. असले काढून टाकायला मी बसलो. चारपाच उडवले, तेवढ्यात मागून अण्णा ओरडले. अण्णा ओरडत नाहीत. त्यामुळे मी खुर्चीतून पडायचाच बाकी होतो.

"कशात टाकलेस तू ते?"

"रिसायकल बिन."

"ते चित्र कशाचं आहे?"

चित्र कचऱ्याच्या डब्याचं होतं.

"देव कचऱ्याच्या डब्यात टाकलास? माझ्या कारखान्यात?"

मी समजावलं, की हे नुसतं चित्र आहे. अण्णा म्हणाले, मूर्ती पण नुसती मातीच आहे. सुमनताई डोळे आखता आखता म्हणाली, "इंजनेर, तुला कालेजातून काढला का तू सोडलास रे?"

तोडगा गुरुजींनी काढला. म्हणजे अर्धा काढला, ते नेहमी अर्धाच काढतात. "डबा नको, तर नदी कर." मग मी दुपारभर बसून, जिथे बोट घालू नये अशा जागी बोट घालून, त्या डब्याचं चित्र बदललं आणि खाली नाव लिहिलं, 'भोगावती'. आपल्या पेणची नदी!

अण्णा खूश. काकूने हात जोडले. मी म्हटलं, "चला, आता नदी रिकामी करतो, डिस्कवर जागा होईल."

"आत्ता?" अण्णा म्हणाले. "दीड दिवस तरी राहू दे."

तेव्हापासून आमच्याकडे नको असलेला फोटो दीड दिवस भोगावतीत थांबायचा. मग अण्णा माझ्याकडून बटण दाबून घ्यायचे आणि स्वतः दुसरीकडे तोंड करून उभे राहायचे. एकदा काकूच्या पापडांच्या जाहिरातीचं चित्र मी उडवलं, तर तेही दीड दिवस ठेवलं. "संगतीत होतं ना," अण्णा म्हणाले.

*

गुरुजींचं एक छोटंसं सांगतो, मोठं सांगितलं तर रडतील.

एके दिवशी मी आलो तर गुरुजी विजयी मुद्रेने बसलेले. "मेमरी कशाने भरत होती ते सापडलं. जुगार!"

लॅपटॉपमध्ये पत्त्यांचा खेळ होता. गुरुजींनी तो मुळापासून काढून टाकला होता. वर मला अर्धा तास व्याख्यान. तरुण पिढी, व्यसनं, आणि दोन हजार साली सगळे कॉम्प्युटर एकदम बंद पडणार ते ह्याच पापाने.

मी सांगून पाहिलं, की तो खेळ माळ्यावर कोपऱ्यात पडलेला होता, पाटावर त्याचा काडीचा भार नव्हता. तो काढून वेग वाढत नसतो. ऐकतील तर गुरुजी कसले!

पुढचे दोन दिवस गुरुजी अकरा वाजताच घरी जायला लागले. चेहरा पडलेला. पेपरसुद्धा अर्धा वाचायचे. तिसऱ्या दिवशी सुमनताईने माझ्याकडे न बघता सांगितलं, "इंजनेर, घाल बाबा तो खेळ परत. तू यायच्या आधी तासभर कोण खेलत होता ते मना माहीत हाय."

*

आता आमच्या घरचं. बाबा माझ्याशी त्या दिवसांत सरळ बोलत नव्हते. जेवताना आईला सांगायचे, "त्याला विचार, भात पाहिजे का." मी समोर बसलेला. मीही आईला सांगायचो, "त्यांना सांग, नको." आमच्या घरात तेव्हा आई म्हणजे टेलिफोन एक्स्चेंज होती.

एकदा त्यांची रात्रपाळी सुटल्यावर ते थेट पेणला आले. मी काय करतो ते बघायला. मी त्यांना टाळायचं म्हणून लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसलो. माझ्यासमोर स्क्रीनवर एक खिडकी होती, त्यात किती टक्के मेमरी शिल्लक आहे ते दिसतं. बाबा मागे उभे राहून ती खिडकी बघत राहिले. कंपनीत ते दिवसरात्र टाक्यांची लेव्हल बघतात, त्यामुळे आकडा दिसला की त्यांना हलवत नाही.

"एकोणतीस टक्के," ते अण्णांना म्हणाले. मला नाही. "हे कमी आहे ना?"

"अण्णा, त्यांना सांगा, कमी आहे," मी म्हणालो.

"मग वाढवायचं काय करतात?"

"त्यांना सांगा, नवी रॅम बसवायची असते. पण हे मॉडेल इतकं जुनं आहे, की त्याची रॅम कुठे मिळत नाही. मुंबईला विचारून झालं."

बाबा "हूं" म्हणाले आणि गेले. जाताना लॅपटॉप गरम लागतो म्हणून त्याच्याखाली दोन विटा लावून गेले. अडचण अशी, की विटा त्यांनी हवा बाहेर पडायच्या जाळीवरच लावल्या! दुपारी तो तापून बंद पडला.

पण किस्सा तो नाही. त्या आठवड्यात मी रोह्याच्या स्टँडवर गाडीची वाट बघत खांबाआड उभा होतो. खांबाच्या पलीकडे बाबा आणि त्यांचे एक कंपनीवाले. त्यांनी विचारलं, "पोरगा काय करतो हल्ली? ऐकलं, शिक्षण सोडलं?"

मी कान टवकारले. आता शिव्या ऐकायच्या तयारीने.

बाबा म्हणाले, "पेणला इंजिनिअर आहे. मेमरी डिपार्टमेंटला."

"अरे वा! मोठी कंपनी आहे?"

"देवाची कृपा आहे," बाबा म्हणाले. खोटं तरी म्हणता येईल का हे?

रात्री जेवताना ते आईला म्हणाले, "विचार त्याला, भात पाहिजे का." मी म्हटलं, "त्यांना सांग, वाढा."

*

कॅनडावाले यायचा दिवस ठरला. अण्णा सुमनताईच्या नजरेला नजर देत नव्हते. तिने धाटावला बोलून ठेवलं होतं, आणि हे तिने लपवलंही नव्हतं. "मुकादम म्हनला सोमवारपासून ये. मी म्हनले, थांब, आमच्या अण्णांचा काला डबा काय करतो ते बघून येते."

मी अण्णांना ती टक्क्यांची खिडकी उघडायला शिकवली होती. चूक झाली असं नाही, पण पुढे जे झालं त्याला कारण तीच. मी म्हटलं होतं, "सकाळी चालू केलात की बघायचं. सत्तरच्या वर असेल तर बिनधास्त काम करा."

एके सकाळी येतो तर अण्णा हात मागे बांधून लॅपटॉपसमोर उभे.

"ब्याऐंशी टक्के शिल्लक आहे!" ते कुजबुजले. मोठ्याने बोललं तर उडून जाईल अशा आवाजात.

"छान. मग आज फोटो लावून बघू. पाहुण्यांना कसे दाखवायचे त्याची प्रॅक्टिस."

"हात लावू नको!"

"का?"

"खर्च होईल. कॅनडावाले येतील तेव्हा लागेल ना."

मला वाटलं चेष्टा करतायत. नव्हते करत. गुरुजी मान डोलावत होते. काकूने तर पाहुण्यांसाठी पांढरे पोहे वेगळे काढून डबा वर ठेवला होता, त्याच न्यायाने हे.

"अण्णा, मेमरी साठत नसते हो! वापरलीत म्हणून संपत नाही, नाही वापरलीत म्हणून उरत नाही. पाट आहे तो! पाटावर आज बसलं नाही म्हणून उद्या दुप्पट माणसं बसतात का?"

"तू तरुण आहेस," अण्णा म्हणाले. ह्या माणसांकडे कारण संपलं की ती आपलं वय काढतात.

त्यांनी लॅपटॉप बंद केला, वर काकूच्या जुन्या साडीचं फडकं टाकलं आणि पाहुणे येईपर्यंत कुणालाही हात लावू दिला नाही. अगदी भोगावतीतला एक फोटोसुद्धा दीड दिवसाच्या वर राहिला!

*

आणि मग तो रविवार.

मला पोचायला उशीर झाला. वडखळला गाड्यांची रांग लागली होती, मी एसटीतून उतरून उरलेलं अंतर एका रिक्षात लटकून आलो. कारखान्यात शिरलो तर पाहुणे आलेले. कॅनडावाले पन्नाशीचे, गळ्यात व्हिडिओ कॅमेरा, सारखे घड्याळ बघणारे. त्यांच्या बरोबर त्यांची आई. नऊवारीतली, छोटीशी, एका स्टुलावर पाय लोंबकळत ठेवून बसलेली. ती काहीच बोलत नव्हती. काकूने पोहे दिले ते मात्र मन लावून खात होती.

"ह्यांना अजून तीन कारखाने बघायचेत," गुरुजी मला म्हणाले. "पण काळजी करू नकोस. मी सगळी तयारी करून ठेवली आहे."

मी विचारलं, "कसली तयारी?"

"बारा फोटो आहेत ना? मी बाराही उघडून झाकून ठेवलेत. म्हणजे कसं, पाहुण्यांसमोर एकेक फडकं काढायचं!"

मी लॅपटॉपकडे बघितलं. लाल दिवा नुसता पेटलेला. लुकलुकायचीही ताकद त्याच्यात उरली नव्हती. शिडीवर बारा गणपती एकाच वेळी चढत-उतरत होते.

तेवढ्यात अण्णांनी बटण दाबलं.

पहिला फोटो यायला लागला. सिंहासनावरचा गणपती, आमचा सगळ्यात देखणा. वरून खाली, एकेक रेघ करत. मुकुटाचा कळस आला. मुकुट आला. कॅनडावाले पुढे वाकले. कपाळ आलं. गंध आलं. भुवया आल्या.

आणि थांबलं.

खाली सगळं पांढरं. भुवयांखाली काहीच नाही. मधोमध वाळूचं घड्याळ.

"येतायत, येतायत," गुरुजी म्हणाले. "मोठी मूर्ती आहे, वेळ लागतो."

"गुरुजी, तुम्ही गप्प बसा!" मी म्हटलं. मी बटणं बडवली. काही हललं नाही. बंद करून चालू करायला दहा मिनिटं जाणार. अण्णांचं तोंड पांढरं पडलं होतं. ते हळूच म्हणाले, "पण आठवडाभर वाचवून ठेवली होती रे..."

कॅनडावाल्यांनी घड्याळ बघितलं. "इट्स ओके. तुमच्याकडे छापील अल्बम नाही का? नाही? मग असं करू या, आम्ही पुढे जाऊन येतो..."

पुढे गेलेला माणूस परत येत नसतो, हे तिथे सगळ्यांना ठाऊक होतं. अण्णांनी पहिल्यांदा सुमनताईकडे बघितलं.

ती तिच्या जागेवरून उठली. हातात बारीक ब्रश, दुसऱ्या हातात काळ्या रंगाची वाटी. "सरा जरा," ती म्हणाली. मला म्हणाली की पाहुण्यांना, ते कळलं नाही, पण आम्ही सगळेच सरलो.

तिने वाटी खाली ठेवली, लॅपटॉप टेबलावरून पाटावर घेतला आणि समोर मांडी घातली. डाव्या हाताने उजवं मनगट धरलं, श्वास रोखला, आणि त्या भुवयांच्या खाली, सरळ स्क्रीनवर, डोळा आखला. मग दुसरा. ब्रश पुन्हा बुडवला आणि एका झटक्यात सोंड खाली आणून डावीकडे वळवली.

मी "अहो काच..." एवढंच म्हणालो. पुढचं मलाच नको वाटलं.

ब्रश उचलला तेव्हा तो बघत होता. त्या सोळा एमबीच्या खोक्यातून, मागे उजेड असलेला, आमच्या सगळ्यांकडे एकदम.

लॅपटॉपचा पंखा घरघरत होता. स्टुलावरची म्हातारी खाली उतरली. पोह्यांची बशी बाजूला ठेवली, चपला काढल्या आणि लॅपटॉपला हात जोडले. मग काकूने जोडले, अण्णांनी जोडले. कॅनडावाल्यांनी कॅमेरा मागे सारला आणि त्यांनीही जोडले. माझ्या हातांनी काय केलं ते मी सांगणार नाही.

म्हातारी मुलाकडे वळली. आल्यापासून पहिलं वाक्य बोलली.

"मूर्ती राहू दे रे. हिलाच घेऊन जाऊ या."

सुमनताई पाण्यात ब्रश धूत होती. तिने वरसुद्धा बघितलं नाही.

"पासपोर्ट नाय माझा, आजी. गणपतीच न्या."